उघडलेल्या साड्यांचं गणित

आमच्या दुपारच्या वर्गातल्या चाळिशीच्या सुनंदाताई यंदा दहावीला बसताहेत. सकाळ-संध्याकाळ त्या साडीच्या दुकानात काम करतात. काल मी फळ्यावर गणित घातलं: विक्रेतीला ताशी साठ रुपये, शिवाय विक्रीवर पाच टक्के कमिशन. सहा तासांत तिला सहाशे साठ रुपये मिळाले, तर विक्री किती?

“सहा हजार,” सगळ्यांच्या आधी त्याच म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “पण बाई, ज्या उघडून दाखवल्या आणि कुणी घेतल्याच नाहीत, त्या साड्या यात कुठे धरायच्या?”

“त्या नाही धरायच्या.”

“घड्या तर मलाच घालाव्या लागतात,” त्या हसून म्हणाल्या. बोलताना त्यांचे हात पदराचं टोक काठाला काठ जुळवून दुमडत होते.

खरंच, पुस्तकातलं गिऱ्हाईक कधी नुसतं बघून जात नाही.

फळा पुसताना गेल्या महिन्यातली माझी खरेदी आठवली. भाचीच्या लग्नासाठी मी तीसेक साड्या उघडायला लावल्या आणि “बघते, येते परत” म्हणून उठले. दाखवणाऱ्या बाईचा चेहरा काही केल्या आठवेना. आठवले ते नुसते हात, मी उठायच्या आतच पहिली घडी घालायला लागलेले.