सावरीचा एक रविवार

दादा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, कल्पनाने केला. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'सुटलो'... सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं.

बाळारामदादा मूळचे खारघरचे. भातशेती नव्या शहरात गेली, बदल्यात मिळालेल्या जागेवर घर बांधलं, आणि त्या घराचा पहिला भाडेकरू मी, देशावरून आलेला मास्तर. कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा एक नेम होता. दिवाळी सरली की दर रविवारी सकाळी डोंगराखालच्या रानात जायचं आणि एकाच दगडावर बसून एकाच काटेसावरीचा एकच फोटो काढायचा, शेवटचं पान गळेपर्यंत. फोटो छापून अल्बमच्या खिशात, खाली शाईने दोन शब्द. मी जरा सरकलो की ओरडायचे, “मास्तर, दगर सोरू नको! झार दुसरंच दिसल.” “दादा, झाडाचं लग्न आहे का, दरवर्षी अल्बम करायला?” म्हणून मी चिडवायचो.

यंदा दिवाळीनंतर ते हॉस्पिटलात होते. म्हणाले, “या रविवारी तू जा. नेम मोडाला नको.” मी हो म्हटलं. रविवारी छान गारठा होता, मी पांघरूण ओढून झोपलो. संध्याकाळी भेटायला गेलो आणि मोबाइलमधला गेल्या वर्षीचा, त्याच सुमाराचा फोटो आजचा म्हणून पुढे केला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. “बरी हाय सावर,” एवढंच म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

जिना उतरताना आठवलं, की सावरीची डावी फांदी पावसाळ्यातच मोडली होती. आम्ही दोघांनी मिळून ती पाहिली होती, आणि फोटोत ती जागच्या जागी होती. तसंच वर जाऊन कबूल करायला हवं होतं... गेलो नाही. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता चौथ्या दिवशी तो फोन आला.

तेराव्यानंतर कल्पनाने अल्बम हातात ठेवला. “तुमालाच द्यायचा म्हणाले. तुमी येऊन गेलात ना, त्या रात्री हॉस्पिटलात मागून घेतला होता.” शेवटच्या फोटोनंतरचा खिसा रिकामा होता. खाली थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'मास्तरला बरं नव्हतं.'

परवाच्या रविवारी त्या दगडावर बसून फोटो काढला. सावर आता उघडी पडली आहे, डावीकडे नुसतं आभाळ दिसतं. तो फोटो पुढच्या खिशात लावला. आधीचा खिसा तसाच रिकामा ठेवलाय.

मी धडधाकट होतो, दादा.