एक वाजताची मीटिंग

मालवणात आमच्या वरच्या खोलीत एक तरुण भाड्यानं राहतो, तिथूनच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करतो. रोज एक वाजता मी त्याला जेवणाचं ताट नेऊन देते.

त्यानं पडद्यावर चौकोनाला चौकोन जोडून आपोआप माहिती शोधणारी एक सोय केली आहे. कॅलेंडरमध्ये मीटिंग आली, की समोरच्या माणसाचा हुद्दा, कंपनी, शिक्षण समोर येतं. मीटिंगआधी तो ते पुटपुटत पाठ करतो, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखा. वर्षभरात माझ्याशी मात्र "ठेवा" आणि "छान" एवढंच बोलला.

परवा त्यानं मला थांबवलं. "काकी, इथे रोज फक्त तुम्हीच येता. म्हणून कॅलेंडरमध्ये एक वाजताची मीटिंग म्हणून तुमचं नाव आणि नंबर घातला. पण तुमची काहीच माहिती सापडत नाही."

"अरे, मी हंयच आसंय," मी म्हटलं. "माकाच विचार मगे."

तो गोंधळला. त्यानं ताटाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही जेवलात?"

"जेवलंय," मी खोटंच सांगितलं आणि घाईनं जिना उतरले. मुलं मुंबईला गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.