यादीत मास्तरांचं नाव होतं

पेणची ती केस मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता पुसट झाले. ही केस कागदावर अगदी किरकोळ होती, आणि तीच मनात राहिली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी पेणला पोलीस उपनिरीक्षक होतो. गणपतीला महिनाभर अवकाश होता. म्हणजे मूर्तींचे ट्रक, बंदोबस्ताच्या बैठका आणि सगळ्यांच्या रजा बंद. अशात एका सकाळी एक कॅसेटवाला तक्रार घेऊन आला. पेणमध्ये त्याची रेकॉर्डिंगची एक खोली होती. दरवर्षी गणपतीला तो कोळीगीतांची आणि आरत्यांची एक कॅसेट काढायचा. त्या वर्षीची कॅसेट अजून बाजारात यायची होती, आणि तिच्यातली सगळी गाणी रोह्याला एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात सीडीवर मिळत होती.

"साहेब, हे इंटरनेटवरून झालंय," तो म्हणाला. "माझ्या कंप्युटरमधनं कुणीतरी फायली खेचल्यात."

आमच्या ठाण्यात तेव्हा कंप्युटर नव्हता. एक टाइपरायटर होता आणि त्याचीही दोन अक्षरं अडकायची. फायली खेचणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं, पण तसं तक्रारदाराला दाखवायचं नसतं. कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवला. रोहा पोलिसांना कळवून दुकानावर गेलो, पंचांसमक्ष सीडी जप्त केल्या. दुकानदार म्हणाला, कोणीतरी मोटारसायकलवरून देऊन जातो, नाव माहीत नाही. तो खोटं बोलतोय हे मला दिसत होतं. एरवी मी त्याला सोडला नसता. पण माझ्या डोक्यात इंटरनेट बसलं होतं.

पेणमध्ये इंटरनेटची जोडणी देणारा एकच माणूस होता. रामवाडीला हायवेलगतच्या एका इमारतीत त्याचं ऑफिस. मुंबईची नोकरी सोडून गावाकडे आलेला, वय तिशीचं. खोलीत मांडणीवर फोनला जोडलेल्या पेट्या, त्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. त्याने मला समजावून सांगितलं, की सगळ्या गिऱ्हाइकांची पानं त्याच्या एका मशीनमधून जातात, आणि कोणी केव्हा कोणतं पान उघडलं, काय उतरवून घेतलं, याची नोंद तिथे राहते.

"मग ती नोंद दे," मी म्हणालो.

"साहेब, तुमच्या कामाचं त्यात काय मिळायचं नाय. या लाइनीवरनं एक गाणं पाठवायचं तर अख्खी दुपार जाईल, आणि मधेच लाइन तुटेल ती वेगळीच."

"ते मी बघतो."

"बरं, मग कुणा एकाचा संशय असेल तर लेखी मागा, त्याची काढून देतो. सगळ्यांची कशाला? लोक घरात बसून काय काय वाचतात, ते मी पण बघत नाय."

"चल मग ठाण्यात. तिथे बसून ठरवू."

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा वापरलं असेल, सांगता येणार नाही. ते लागू पडतं. त्याचा चेहरा उतरला, तो प्रिंटरकडे वळला. कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर सगळ्या गिऱ्हाइकांची यादी छापून निघाली. मी पत्र दिलं नव्हतं, त्याने पोच मागितली नाही.

यादी सगळी इंग्रजीत, त्यातही अर्धवट शब्द आणि तिरप्या रेघा. मला काही उलगडेना. तक्रारदाराला यातलं कळतं, म्हणून त्याला बोलावलं, माझ्या टेबलाशी बसवलं आणि कागद त्याच्या हातात दिला. ओळखीचं नाव दिसलं तर खूण कर म्हणालो. तो बोट फिरवत खाली सरकत होता. मधेच थांबला.

"साहेब, हे बघा. हे रोह्याच्या शाळेतले मास्तर ना? आमच्या मेव्हणीचा पोरगा त्यांच्याच वर्गात हाय. एड्सची पानं वाचलीत हो. एक-दोन नाय, रोजची."

"त्याच्याशी आपलं काय काम नाही," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. कागद त्याच्या हातातून काढून घेतला नाही. तो पुढे आणखी तासभर वाचत बसला होता.

यादीत गाण्यांचं काही निघालं नाही.

गुन्हा उघडकीस आला तो आमच्या हवालदारामुळे. खाडीकडच्या गावचा माणूस, गाण्याचा शौकीन. त्याने भाच्याचा सीडी प्लेअर मागून आणला आणि जप्त केलेली सीडी व तक्रारदाराने दिलेली कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली.

"साहेब, तिसरं गाणं सुरू व्हायच्या आधी कोनतरी खोकतंय बघा. सीडीत हाय. कॅसेटीत नाय."

तक्रारदाराला विचारलं. तो म्हणाला, ढोलकीवाला खोकला होता, तेवढा तुकडा आम्ही कापला. म्हणजे सीडी न कापलेल्या मूळ टेपवरून झाली होती. ती टेप कपाटात. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक त्याच्याकडे, एक त्याच्या बायकोच्या भावाकडे.

मेव्हण्याला बोलावला. चहा दिला, बराच वेळ काही विचारलं नाही. चूक केलेल्या माणसाला शांतता फार वेळ सोसत नाही, हा माझा अनुभव. मग तो खोकला ऐकवला. त्याने कप खाली ठेवला.

"दाजी दरवर्षी म्हनायचे, पुढच्या साली कॅसेटवर तुझं नाव घालतो," तो म्हणाला. "सगळी चाल मी बांधायची, आनि नाव त्यांचं. या साली पन नाय घातलं."

टेप त्याने पनवेलच्या एका मित्राकडे नेऊन सीडी करून आणल्या होत्या. मोटारसायकलवरून देऊन जाणारा तोच. इंटरनेटचा कुठेही संबंध नव्हता. जबाब लिहून घेतला, सही घेतली. वरिष्ठांनी तपास चांगला झाला असा शेरा दिला.

जबाब झाला त्याच संध्याकाळी मास्तर ठाण्यात आले. राहायला पेणला होते, रोज एसटीने रोह्याला जायचे. विज्ञान शिकवायचे. किरकोळ अंगाचा, चाळिशीचा माणूस.

"साहेब, तक्रार नाही. एकच विचारायचं होतं," ते म्हणाले. "माझ्या घरातल्या कंप्युटरवर मी काय वाचलं, हे शाळेत कसं कळलं?"

चौकशी करतो, असं सांगून त्यांना परत पाठवता आलं असतं. तसं सांगायची सवयही होती. पण मी खरं सांगितलं.

"माझ्या टेबलावरून कळलं, मास्तर."

ते खुर्चीत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मुलं माझ्या हातचा खडू घेत नाहीत. स्टाफरूममध्ये माझा पेला वेगळा ठेवलाय. घरमालक महिनाअखेर खोली सोडा म्हणतो. बायको नळावर गेली की बाकीच्या बाया बाजूला होतात."

"तुम्ही कुणासाठी वाचत होता, तेवढं सांगा. मी स्वतः शाळेत येऊन खुलासा करतो."

"नाही साहेब," ते म्हणाले. "तेवढं तरी माझ्यापाशी राहू द्या."

तरी मी दुसऱ्या दिवशी रोह्याला गेलो. मुख्याध्यापकांना म्हणालो, तो फक्त चौकशीचा कागद होता, त्यावरून कुणाला आजार ठरत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही युनिफॉर्मवर आलात. आता पालक म्हणतील, पोलीसपण येऊन गेले, म्हणजे काहीतरी असणारच." मी करायला गेलो एक, झालं भलतंच.

दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांनी संस्थेकडून घाटावरच्या एका शाळेत बदली मागून घेतली. रामवाडीच्या माणसाची गिऱ्हाइकं भराभर गेली. तो पोलिसांना सगळं देतो, असं गावात झालं होतं. मला त्याने कधी दोष दिला नाही. भेटला की मान हलवायचा. पुढे त्याने ऑफिस बंद केलं. आणि ज्या केससाठी हे सगळं घडलं, त्यात तक्रारदार कोर्टात फिरला. घरात बायकोने भावासाठी अन्नपाणी सोडलं होतं. मेव्हणा सुटला. दोघं पुन्हा एकत्र कॅसेटी काढू लागले, असं ऐकलं.

पुढे कायदे आले, सायबर विभाग आले. हाताखालचे अधिकारी नोंदी मागण्याची पत्रं सहीला आणायचे, तेव्हा मी विचारायचो, नेमकी कोणाची नोंद हवी आणि ती तुझ्याशिवाय कोण वाचणार? तरुण अधिकाऱ्यांना वाटायचं, साहेब आता थकले, कामं अडवतात. थकलो होतोच. तरी सगळ्यांची नोंद मागणाऱ्या पत्रावर मी सही केली नाही. चोर शोधताना दहा घरांची दारं उघडावी लागतात, पण ती परत लावायची जबाबदारीही आपलीच असते, हे मला त्या वर्षी कळलं. तोवर मास्तरांचं घर उघडं पडलं होतं.

त्यानंतर मास्तरांचं काय झालं, मला माहीत नाही. माझ्या ओळखी होत्या, एका फोनवर सगळं कळलं असतं. तो फोन मी केला नाही.