भिंतीपलीकडे रजिस्टरने

कायदा शिकणाऱ्याने पहिली नोटीस शेजाऱ्याला पाठवू नये.

मी तेव्हा पुण्यात सकाळी कायदा आणि दुपारी कॉमर्स, असे दोन अभ्यास एकदम करत होतो. तापीकाठच्या आमच्या गावात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. (आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.) सुट्टीत घरी आलो तर वडील, म्हणजे नाना, कुरकुरत होते. शेजारच्या उखाआबांची म्हैस आमच्या केळीत शिरली होती. नाना-आबांचं मैत्र चाळीस वर्षांचं. नाना दोन दिवस कुरकुरून गप्प बसले असते. पण मीही गप्प बसायचं, तर दोन-दोन फिया कशाला भरल्या होत्या?

नानांना न विचारता मी ‘माझ्या अशिलाच्या वतीने’ इंग्रजीत नोटीस लिहिली. सात दिवसांत म्हैस बांधा, लेखी माफी मागा, नाहीतर कोर्ट आहेच! शहाद्याला जाऊन ती टाइप करून घेतली आणि रजिस्टरने धाडली. मधली भिंत ओलांडायला तिला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी आबा अनवाणी धावत आमच्या ओट्यावर आले. मागे त्यांची बायको रडत, तिच्यामागे सगळी गल्ली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांचा मुलगा लखन फौजेत होता, आणि इंग्रजी रजिस्टर म्हणजे फौजेचाच कागद, असं ते धरून चालले होते. लढाई नुकतीच थांबली होती आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं.

“भाऊ, वाच,” आबांनी कागद पुढे केला. “मन्हा लखन जित्ता शे ना?”

‘आबा, ही माझीच नोटीस आहे,’ एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण शेजारी नाना उभे होते. माझी नजर कागदावर फिरली आणि तोंडातून निघालं, “म्हैस कशी आहे, विचारलंय.”

“म्हैसनं इचारस?” आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मन्हा लखनच तो! आखो काय लिखेल शे?”

“तिला पोटभर खाऊ घाला म्हणतो.” (माणूस एकदा घसरला की घसरतच जातो.)

गल्लीत गूळ वाटला गेला. नोटीस आबांच्या देव्हाऱ्यात गेली आणि म्हैस आमच्या केळीत. आता नानाही तिला हाकलेनात. “जवानाची इच्छा आहे,” म्हणाले.

लखन जिवंत आहे की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं? पुढचे पंधरा दिवस पोस्टमन दिसला की मी घरात दडायचो. ती लाज अजून धुतली गेलेली नाही.

मग एका सकाळी लखनच ट्रंक घेऊन दारात उभा! आबांनी कौतुकाने देव्हाऱ्यातला कागद त्याच्या हाती दिला. फौजेत तो थोडं इंग्रजी शिकला होता. त्याने ओट्यावर, नानांसमोर, अडखळत नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि अर्थही सांगितला. नानांनी मान खाली घातली होती. मी आबांचे पाय धरले.

आबांनी मला उठवलं. “खोटं वाचं, पन गोड वाचं,” ते म्हणाले. “भाऊ, तू वकील व्हशी.”

त्या वर्षी मी कॉमर्स पास झालो आणि कायद्यात नापास. आबांची शिफारस युनिव्हर्सिटीपर्यंत पोचली नसावी. ती रजिस्टरने पाठवायला हवी होती.