माटवीचा दुधी

आमचा दुधी माझ्या नखाने मेला.

तारकर्लीला आमच्या घराभोवती नुसती वाळू. तिच्यात माडाशिवाय काही टिकत नाही, माझा उत्साहसुद्धा नाही. पण चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतो, त्या माटवीला घरच्या परसातली भाजी बांधायची आमची रीत. आदल्या वर्षी मी मालवणच्या बाजारातून दुधी आणून बांधला, तर मुंबईहून आलेल्या थोरल्या दादाने सगळ्या भावकीसमोर विचारलं, "तुझ्या परसात काय गवतच रुजता रे?" ते मला फार लागलं. यंदा बांधीन तर घरचाच, नाहीतर तोंड दाखवणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

वेल मांडवभर पसरली आणि दुधी धरला एक! (बाकीची फुलं मला बघूनच गळली असावीत.) आता एकच घोर: चतुर्थीआधी हा जून झाला तर? शेजारच्या जनीकाकीला विचारलं. ती म्हणाली, नख लावून बघ. शिरलं तर कोवळा, नाही शिरलं तर गेला.

झालं! रोज सकाळी दात घासायच्या आधी मी परसात. नख शिरलं की जीव भांड्यात पडायचा. संध्याकाळपर्यंत पुन्हा शंका यायची, मग पुन्हा नख. जनीकाकीही येता-जाता आपलं एक लावून जायची. शेवटी बायको कळवळून म्हणाली, "अवो, देवी इल्यासारखो दिसता तो. सोडा आता तेका." तुला दुधीतलं काय कळतं, असं मी तिला ऐकवलं. (वेल तिनेच लावली होती.)

त्यात पाऊस लागून राहिलेला. नख दिवसेंदिवस जास्तच सहज शिरायला लागलं आणि मी दिवसेंदिवस जास्तच खूश! चतुर्थीच्या आदल्या दिवशी तर बोटसुद्धा आत गेलं. इतका कोवळा दुधी अख्ख्या गावात नसेल, असं मी बायकोला सांगितलं. तिने देठ कापला, दुधी हुंगला आणि बाजाराची पिशवी माझ्या हातात दिली.

मी तिथेच पायरीवर बसलो. रडूच यायचं बाकी होतं. पुन्हा बाजारचा दुधी, पुन्हा दादा, पुन्हा भावकी! शेवटी बायकोच्या हातापाया पडून, भोकं भिंतीकडे करून, तोच दुधी माटवीच्या अगदी टोकाला बांधला, गणपतीपासून लांब.

दादा आला तो नव्याकोऱ्या सफारी सुटात. नमस्कार झाल्याबरोबर त्याची नजर वर गेली. बाजारचा का, असं त्याने विचारलं. घरचा, मी म्हटलं. त्याला काही पटलं नाही. खात्री करायला तो दुधीखाली गेला, हात वर केला आणि... नख लावलं.

दुधी होता तेवढा सगळा दादाच्या सफारीवर आला. मी डोळे मिटून घेतले. दादाने रुमाल काढला, खांदा पुसला, वास घेतला आणि म्हणाला, "घरचोच आसा. असलो दुधी बाजारात कोण इकतलो?"

दादाने माझा शब्द खरा मानला, तो एवढाच.