गझालाच्या आवाजामागचं पिंजण

बाभुळगावच्या बाजारात गझाला भाजी घ्यायला उभी राहिली की एक गंमत हमखास घडते. ती नुसतं "मेथी कशी दिली?" एवढंच विचारते, आणि भाजीवाली हातातली जुडी तशीच धरून तिच्या तोंडाकडे पाहू लागते. आवाज तर रोजचा आहे, पण चेहरा ओळखीचा नाही. मग एकदम उजेड पडतो. "बाप्पा! भोंग्यातली बाई!"

तालुक्यातल्या गावोगावी गझालाचा आवाज पोचलेला आहे. डोळ्यांचं शिबिर, साड्यांचा सेल, गावात आलेली सर्कस, जे काही लोकांना सांगायचं असतं ते गझाला सांगते, आणि तिचा नवरा साजिद ऑटोवर भोंगा बांधून ते गल्लीगल्लीतून फिरवतो. नुसतं बोलून तिचं भागत नाही. प्रत्येक जाहिरातीखाली ती संगणकावर स्वतः बांधलेली चाल घालते. एका हरवलेल्या म्हशीला तिनं अशी काही हळवी बासरी लावली होती, की म्हैस सापडून रेडकाला दूध पाजू लागली तरी लोक ती चाल गुणगुणतच होते.

तिचा स्टुडिओ म्हणजे सासऱ्याच्या दुकानामागची खोली. सासरा मोहिउद्दीन जातीचा पिंजारी. यंत्रं आली, फोमच्या गाद्या आल्या, तरी हा माणूस आपलं धनुष्यासारखं पिंजण छताला टांगून, त्याच्या ताणलेल्या दोरीवर, तातेवर, लाकडी दस्ता हाणत कापूस पिंजत बसलेला. सुनेला खोली देताना त्यानं चारी भिंतींना जुन्या गाद्या ठोकून दिल्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. पण दुकान आणि खोली यांच्यामध्ये होता नुसता पत्र्याचा दरवाजा, आणि त्यातून एकच आवाज आत यायचा, तो खुद्द त्याचाच. तंग् तंग् धूं. तंग् तंग् धूं. गझालाच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमागं, बारीक पण सतत, ते पिंजण वाजत राहायचं. तिच्याकडे गाणी बांधायचं पाच नंबरचं जुनं सॉफ्टवेअर होतं. त्यात हा आवाज काढायची सोय नव्हती, आणि काम थांबवा असं सासऱ्याला सांगायची तिला लाज वाटायची.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं उभा कापूस आतून पोखरला, त्या वर्षीच्या पौषात साजिद कुठूनसा त्याच सॉफ्टवेअरचं बारा नंबरचं नवं व्हर्जन घेऊन आला. तीस दिवस वापरून पाहायचं, पटलं तर घ्यायचं.

"आता तं घेच," साजिद म्हणाला. "यवतमाळचे जाहिरातवाले पोट्टे कुठच्या कुठी गेले, आन् तू अजून पाचवर."

"पाच माह्या हाताले बसलं हाय," गझाला म्हणाली. "नवी सुई आली म्हणून कोनी शिवणयंत्र फेकते का?"

"सुई नाई, यंत्रच नवं हाय म्हनतो ना मी!"

अशी रोज जुंपायची. गझालाला नवं हवंसं वाटत होतं आणि जुनं सोडवत नव्हतं. तेवढ्यात सदाशिवराव आले.

सदाशिवराव शेतकरी गटाचे प्रमुख. सावरपासून घारफळपर्यंत गावोगावी त्यांचा माणूस. खुर्चीत बसत ते म्हणाले, "पोरी, कापसाची पऱ्हाटी वावरात उभी ठेवली तं अळी तिच्यातच मुक्काम करते, आन् पुढच्या साली पुन्हा हजर. पऱ्हाटी मुळासगट कुटून मातीत घालायचं यंत्र मी आठ दिवसांसाठी मिळवून राह्यलो. पण रविवारपर्यंत चाळीस नावं लागली पाह्यजे. नाई लागली तं यंत्र दुसऱ्या तालुक्यात जाते. असं सांग, का लोक धावत आले पाह्यजे."

चाळीस नावं म्हणजे चाळीस वावरं, आणि पुढच्या हंगामाचा कापूस. गझालानं मनाशी ठरवलं, हे काम नव्यावरच करायचं.

बारा नंबरमध्ये एक बटण होतं. ते दाबलं की बोलण्यामागचा सगळा कचरा धुऊन निघायचा. तिनं बोलणं भरलं, खाली तडफदार ढोल घातला आणि बटण दाबलं. पिंजण नाहीसं झालं. तिचा आवाज असा निघाला की जणू पितळी घागर चिंच लावून घासली. ती स्वतःवरच खूश झाली. तिनं दरवाजा उघडून सासऱ्याला ऐकवलं.

मोहिउद्दीननं दस्ता थांबवून ऐकलं. "अच्छा हाय, बेटा," तो म्हणाला, आणि पुन्हा कापसाकडे वळला. मात्र दस्त्याचा पहिला ठोका जरा उशिरा पडला, हे तिच्या कानाला कळलं.

साजिद तीन दिवस फिरला. शुक्रवारी सकाळी सदाशिवरावांचा फोन आला. नावं चार. त्यातला एक त्यांचा भाऊ आणि दोन साळे.

"लोकायले झालं तरी काय?" साजिद डोकं खाजवत म्हणाला.

"मी येतो तुह्यासंग," गझाला म्हणाली, आणि डोक्यावर ओढणी घेऊन ऑटोत मागं बसली.

सावरच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या वावरात तानाबाई तुरीच्या शेंगा तोडत होती. साठीची, काटक बाई. तिनं ऑटो पाहिला, भोंगा ऐकला आणि ढिम्म हलली नाही. गझाला खाली उतरून बांधापर्यंत गेली.

"काकू, यंत्राचं आयकलं ना? नाव काहून नाई दिलं?"

"कायले देऊ वं?" तानाबाई हात न थांबवता म्हणाली. "मागच्या साली अशीच चकचकीत आवाजाची गाडी आलती. बियानं देऊन गेली, ते उगवलंच नाई. हे बी तसलेच. आमच्या गझालाची नक्कल करून राह्यले."

"काकू, मीच गझाला."

तानाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवाज तं तोच हाय. पन गझाला बोलते तवा मागं पिंजण वाजते. दोन वावरं दुरून आयकू आलं तरी आमाले समजते, का घरची गाडी आली म्हणून. या भोंग्यात पिंजण कुठी हाय?" आणि मग तिचा हात एकदम थांबला. "म्हातारा बरा हाय ना वं? का गेला?"

गझालाला हसावं की रडावं कळेना. "बरे हाय काकू, चांगले ठणठणीत हाय!"

"मंग घारफळात तं सांगत होते, पिंजारी गेला म्हणून!"

ऑटो तिथूनच माघारी फिरला. दुकानाच्या पायरीवर मोहिउद्दीन एकटाच बसला होता. समोर चहाचे तीन रिकामे कप.

"दोघं जन माह्या मयतीले आलते," तो म्हणाला. "एकानं तं मलेच इचारलं, मोहिउद्दीनभाईची माती कधी हाय. मी म्हनलं, आधी चाय प्या, मंग मोहिउद्दीनलेच इचारून सांगतो."

साजिद पोट धरून हसू लागला. गझाला मात्र हसली नाही. ती म्हणाली, "अब्बा, चला. तुमचं रेकॉर्डिंग करायचं हाय."

"माह्यं?" म्हातारा दचकला. उभ्या आयुष्यात त्याला कोणी असं बोलावलं नव्हतं. त्यानं टोपी नीट केली, मिशीवरून हात फिरवला आणि पिंजण घेऊन गाद्यांच्या खोलीत आला. गझालानं माईक समोर केला. त्यानं एक ठोका दिला आणि मान हलवली.

"नाई जमत. कापसाबिगर तात खोटं बोलते."

मग साजिदनं गाठोडंभर कापूस आत आणून ओतला. तात कापसात शिरली, दस्ता पडला आणि खोली भरून गेली. तंग् तंग् धूं. कापसाचे पांढरे तंतू माईकवर, कीबोर्डवर, गझालाच्या भुवयांवर बसत गेले. साजिद शिंकायला लागला आणि त्याला बाहेर काढावं लागलं.

जुन्या पाचात हा आवाज वेगळा धरता आला नसता. तो बोलण्यातच कालवलेला असायचा. बारा नंबरमध्ये गझालानं त्याला स्वतःची वेगळी पट्टी दिली. बोलणं एकीवर, ढोल दुसरीवर, पिंजण तिसरीवर. हवं तेवढं वर करा, हवं तेवढं खाली.

"हे हिरव्या पट्टीवर काय लिवलं, बेटा?"

"अब्बा. तुमचं नाव."

म्हातारा चष्मा पुसून बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिला. त्याच्या ठोक्यांचे डोंगर तिथं एकामागं एक उभे होते. "मंग हेच घेऊन टाक," तो म्हणाला. "आन् मले जरा वाढव."

"अब्बा," साजिद दारातून ओरडला, "बाईचं बोलनं बी आयकू आलं पाह्यजे ना!"

शनिवारी ऑटो निघाला. रविवारी दुपारी सदाशिवरावांची वही सत्तेचाळीस नावांवर थांबली. तानाबाई स्वतः येऊन अंगठा देऊन गेली, आणि जाताना दुकानात डोकावून म्हातारा खरोखर बसला आहे ना, हे पाहून गेली.

त्याच संध्याकाळी गझालानं बारा नंबर कायमचं घेतलं. तीस दिवस संपायची वाटही पाहिली नाही. फक्त सासऱ्याची एक अट तिला मान्य करावी लागली. म्हणून त्या हिवाळ्यात तिच्या प्रत्येक जाहिरातीशेवटी, चाल थांबल्यावर आणि पिंजण चालू असताना, एक खर्जातला आवाज गावोगाव ऐकू येत राहिला:

"मोहिउद्दीन पिंजारी जित्ता हाय. गाद्या, उशा भरून भेटतील."