पंच्याऐंशीच्या आत

डॉक्टर म्हणाले, "आधी वजन पंच्याऐंशीच्या आत आणा, मग पुढचं बोलू." माझं तेव्हा एकशे चार किलो होतं. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात माझ्या एका बाजूला आई बसली होती आणि दुसऱ्या बाजूला ताई. ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिचं रक्त मशीनवर साफ करून घ्यावं लागायचं, आणि माझी एक किडनी तिला द्यायची असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे मला कुणी विचारलं नव्हतं. दाजींचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मी तिशीच्या आतला, बिनलग्नाचा. आईचाही जुळत होता, पण आई पंचावन्नची, त्यात बीपी. "आईंचं अगदीच नाइलाज झाला तर बघू," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मीच.

मला काय वाटलं, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, काही नाही. खरंच काही नाही वाटलं. काल्हेरला एका गोडाऊनवर मी सुपरवायझर होतो. दिवसभर खुर्चीत बसायचं, ट्रक मोजायचे, मोबाइलवर सापाचा गेम खेळायचा आणि येईल ते खायचं. बाबा गेले तेव्हाही मी असाच बसून होतो. लोक म्हणाले, पोरगा घट्ट मनाचा आहे. घट्ट कसला, नुसता जाड होतो.

परतताना आईने रिक्षातच बजावलं. "बाला, ह्ये कुनाला बोलायचं न्हाय. एका किडनीच्या पोराला पोरगी कोन देल? झाल्यावर कललं तर कलू दे."

आमच्याकडे असंच असतं. सोयरिकीच्या वयाचा मुलगा घरात असेल तर त्याचा चष्मासुद्धा लपवतात, इथे तर अख्खी किडनी होती. ताई आमच्याकडे का राहते तर मशीन जवळ पडतं, सासरहून, म्हणजे अंबाडीहून, ठाण्याला फेऱ्या मारणं तिला झेपत नाही, एवढंच गावाला माहीत. आणि मी वजन का कमी करतोय? तर लग्नासाठी. हे सगळ्यांना लगेच पटलं. उलट म्हणाले, उशिरा का होईना अक्कल आली.

जिम मी मुद्दाम भिवंडी शहरात धरली, गावातले लोक नकोत म्हणून. कापड विणायच्या जुन्या लूमच्या शेडमध्ये होती. बाजूच्या शेडमधले लूम अजून चालू होते, त्यामुळे बाकावर पाठ टेकली की खालून धडधड जाणवायची. लाइट गेली की लूम गप्प, पंखे गप्प, आणि आम्ही अंधारात घाम पुसत उभे. चालवणारा चाळिशीचा माणूस होता, लूमवाल्यांच्याच घरातला. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. सकाळी तो वजनं उचलायला लावायचा आणि संध्याकाळी त्याच शेडमध्ये गाद्या पसरून कराटे शिकवायचा. पहिल्या दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुछ बीमारी-वीमारी?"

"नहीं."

"शादी है क्या?"

"हाँ."

"अरे वा! छे महिने दे. दुल्हन पहचानेगी नहीं तेरे को." एवढीच चौकशी झाली. बाकी त्याने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

भात बंद झाला. आमच्यात माणूस भात सोडतो म्हणजे एकतर आजारी असतो नाहीतर रुसलेला. सकाळी सहा अंड्यांचं पांढरं, दुपारी उकडलेला दुधी आणि कोंबडीचा मीठमिरी लावलेला तुकडा, रात्री तेच. आई खाडीतली निवट्यांची मासळी तळायची तेव्हा मी गच्चीवर जाऊन दोरीच्या उड्या मारायचो. पहिले दोन आठवडे चिडचिड झाली, कुणी हाक मारली तरी अंगावर जायचो. मग तीही थांबली. भूक लागायची, पण दुसऱ्याच कुणाला लागल्यासारखी. आईला वाटायचं, पोरगा किती निश्चयाचा. देवासमोर हात जोडून म्हणायची, असा भाऊ सगळ्यांना मिलू दे.

दिघाशीला चुलतभावाची हळद होती. हळदीला मटण सोडून बसलेला आगरी कुणी पाहिला नसेल. पंगतीत मी माझा डबा उघडला आणि जी सुरुवात झाली!

"अरे ह्याला बघा, हल्दीला दुधी खातो!"

"पोरगी बगायला गेलता तवा शर्टाचा बटान तुटला म्हनतात, पोरीच्या बापाच्या चाय मधी जाऊन परला."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. समोर बायकांच्या पंगतीत ताई तिचा बिनमिठाचा डबा घेऊन बसली होती. तिला पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. नंतर मांडवाच्या मागे मला गाठून म्हणाली, "माझ्यापायी तुझे किती हाल रे."

"गप बस गं," मी म्हटलं. मला तिच्याबद्दल काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाटलं नाही.

संध्याकाळच्या कराटेलाही मी जायचो. तिथे उस्तादचा एक नियम होता. पोटात मारा, छातीवर मारा, पण मागे कमरेवर लाथ घालायची नाही. "गुर्दा फटेगा," तो म्हणायचा, म्हणजे किडनी. डॉक्टर डावी किडनी काढणार होते. मला कळायच्या आत माझं डावं कोपर कमरेला चिकटून राहायला लागलं. समोरचा चेहऱ्यावर ठोसा मारायचा, मी खायचो, पण हात वर न्यायचो नाही. उस्ताद ओरडायचा, "मुँह बचा, मुँह! कमर में सोना छुपाया है क्या?" ती किडनी माझी राहिली नव्हती, सांभाळायला दिलेली होती.

मग एकदा लाथ बसलीच. मारणाऱ्याचा तोल गेला आणि त्याची टाच नेमकी डाव्या बाजूला मागे लागली. मी आडवा झालो. डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्या अंधारीत मला कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं. वाटलं, लघवीतून रक्त गेलं तर बरं होईल. मग मला देता येणार नाही, आणि त्यात माझा दोषही नसेल. मी उठून लंगडत मोरीत गेलो. लघवी साफ होती, आणि मला वाईट वाटलं.

त्या दिवशी मला कळलं की मी घाबरलोय. कापून घ्यायला घाबरलोय. एवढ्या महिन्यांत मला काहीच वाटत नव्हतं ते त्यामुळेच. हे आईला त्याच वेळी सांगायला हवं होतं. ती रडली असती, चार दिवस बोलली नसती, पण तेवढंच. मी नाही सांगितलं. ज्या पोराचं नाव घेऊन आई देवाला हात जोडते त्याने कसं सांगायचं?

नव्वदवर वजन अडलं. कराटेच्या गादीवर चक्कर यायला लागली. उस्तादने एक डबा काढून दिला, आत पांढरी पावडर. "दो चम्मच पानी में. जान आएगी." खरंच जान आली. मी जास्त पळायला लागलो, जास्त उचलायला लागलो आणि वजनाचा काटा परत हलला. सातव्या महिन्यात चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा. आईने पेढे वाटले. शेजारणीला वाटलं, लग्न ठरलं.

तपासणीची तारीख तीन आठवड्यांवर होती. तेव्हा मी पहिल्यांदा त्या डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं उस्तादला विचारलं, याने रक्ताच्या टेस्टमध्ये काही येतं का?

"आता है. किडनी का नंबर थोड़ा चढ़ता है. असली में कुछ नहीं होता, बंद करो तो महीने में उतर जाता है. तेरे को क्या टेंशन, तू तो तंदुरुस्त है."

त्याची काहीच चूक नव्हती. त्याला मी नवरदेव आहे असं सांगितलं होतं. त्याला खरं माहीत असतं तर त्याने तो डबा माझ्या हातातून हिसकावून घेतला असता.

मी पावडर बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चमचे घेतले, आणि मग रोज, तपासणीच्या सकाळपर्यंत.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, वाढलाय. जिमला जाता ना? काही पावडर वगैरे घेता?"

आई शेजारी बसली होती. मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नाही घेत."

डॉक्टरांनी रिपोर्ट फाइलला लावला. मग म्हणाले, यांची किडनी आत्ता घेता येणार नाही, आधी यांच्याच तपासण्या कराव्या लागतील, महिना-दोन महिने जातील आणि ताईंकडे आता तेवढा वेळ उरलेला नाही. आईने जराही वेळ घेतला नाही. बसमध्ये कुणाला जागा द्यावी तसं ती म्हणाली, "मंग माजी घ्या."

मला हलकं वाटलं. एकोणीस किलो उतरले तेव्हा वाटलं नव्हतं इतकं हलकं.

आईच्या तपासण्या झाल्या. बीपीच्या गोळ्या वाढवल्या, मग ती तपासणीत कशीबशी पास झाली. मी पावडर माझा रिपोर्ट आला त्याच दिवशी टाकून दिली होती. तीन आठवड्यांनी भिवंडीतल्या एका लॅबमध्ये जाऊन गुपचूप रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट घेतला. सगळं साफ, आकडा एकदम नॉर्मल. आईचं ऑपरेशन अकरा दिवसांवर होतं. अकरा दिवस पुष्कळ असतात. नुसता कागद नेऊन टेबलावर ठेवायचा होता, तोंड उघडायचीही गरज नव्हती. मी लॅबच्या पायरीवर उभं राहून तो दोनदा वाचला, फाडला आणि गटारात टाकला. मग जिमला गेलो. छातीच्या व्यायामाचा दिवस होता.

आईला आत नेलं तेव्हा मी स्ट्रेचर ढकलत होतो. वॉर्डबॉय म्हणाला, "काय दंड आहेत भाऊ, कुठली जिम?" मी सांगितलं, भिवंडीची.

ताई बरी झाली. तोंडावर रंग आला, मशीन सुटलं, चार महिन्यांनी अंबाडीला गेली. आई मात्र पहिल्यासारखी झाली नाही. पाय सुजायचे, बीपी कधी चढेल सांगता यायचं नाही. मासळीसाठी खाडीवर जाणं बंद झालं. भाताचं पातेलं चुलीवरून उतरवायला तिला कुणीतरी लागायचं. मी उतरवायचो, एका हाताने.

आणि घरात मी आजारी ठरलो. मी खोटं बोललो त्याचा हिशोब मी इथवर केलाच नव्हता. माझी किडनी वाईट आहे असं दोघींना खरंच वाटत होतं. ताई दर आठवड्याला फोन करायची, "तपासून घेतोस ना रे? मीठ कमी कर. माझ्यासाठी एवढा झिजलास आणि तुलाच लागलं ते." अंबाडीला तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या भावाने माझ्यासाठी सात महिने भाताचं शीत तोंडात घातलं नाही, देवानेच अडवलं, तो काय करेल. दाजी भेटले की माझा हात दोन्ही हातांत धरायचे. मी धरू द्यायचो.

मी जिम सोडली नाही. सोडली असती तर जाड झालो असतो, आणि जाड झालो असतो तर कुणीतरी विचारलं असतं.

रोज सकाळी व्यायाम करून घरी आलो की आई जवाचं पाणी घेऊन दारात उभी असायची. कुणीतरी तिला सांगितलं होतं की किडनीला चांगलं असतं. स्वतःसाठी नाही करायची, माझ्यासाठी करायची. भिंतीला धरत धरत यायची, पदराने पेल्याचं बूड पुसायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, नको गं रोज रोज हे. मला काही झालेलं नाही."

"पी गुमान," ती म्हणाली. "तुला काय झालं तर आता माज्याकरं द्याला दुसरी न्हाय, बाला."

मी पेला घेतला आणि तिच्यासमोर सगळा प्यायलो.